लूप ऐकतो का? एका जोडीवरून संशोधन-प्रश्न बांधताना

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. प्रश्न होता : ‘जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मिश्रणामुळे श्रोत्याला ट्रान्सचा अनुभव येतो का?’ वाचून हसू आलं, कारण पहिल्या वर्षी मीही जवळपास हेच लिहिलं होतं. त्यात आठ महिने गेले आणि हाती काही लागलं नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बघू, की असा प्रश्न अभ्यासता येईल एवढा लहान कसा करायचा.

उदाहरण आहे कीरन हेब्डन आणि स्टीव्ह रीड या जोडीचं. हेब्डन म्हणजे ‘फोर टेट’ नावाने ओळखला जाणारा लंडनचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार. रीड हे १९४४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेले जॅझ ड्रमर. २००६ मध्ये त्यांचे ‘द एक्स्चेंज सेशन’चे दोन भाग आले. एकीकडे ड्रम्स, दुसरीकडे लॅपटॉप आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं. सगळं एकत्र बसून, आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलेलं. नंतर वरून काही जोडलेलं नाही. पुढे ‘टंग्ज’ (२००७) आणि ‘एनवायसी’ (२००८) हे अल्बम आले. २०१० मध्ये रीड गेले. म्हणजे आता त्यांना नवा प्रश्न विचारता येत नाही. उत्तर शोधायचं ते बहुतेक ध्वनिमुद्रणातच.

आता ‘ट्रान्स’ या शब्दाकडे या. त्याचे किमान तीन अर्थ होतात. एक, संगीतप्रकार : १९९० च्या दशकात युरोपात वाढलेला, साधारण मिनिटाला १३० ते १४० ठोक्यांचा, आपल्या गोव्याचं नाव लागलेला ‘गोवा ट्रान्स’ याच कुळातला. दोन, माणसाची बदललेली मनोवस्था. तीन, समीक्षकाचं विशेषण : ‘ऐकताना तंद्री लागते’. या जोडीचं संगीत पहिल्या अर्थाने ट्रान्स नाही. त्यात आहे ती लांबलचक पुनरावृत्ती, म्हणजे तिसरा अर्थ. माझ्या सिनॉप्सिसमध्ये तिन्ही अर्थ एकाच वाक्यात घुसले होते.

दुसऱ्या अर्थाबद्दल तर जुना वादच आहे. ढोलाच्या ठरावीक लयीचा मेंदूवर थेट परिणाम होतो, असं अँड्र्यू नेहर यांनी १९६२ मध्ये मांडलं. फ्रेंच अभ्यासक झिल्बेर रुजे यांनी १९८० च्या पुस्तकात ते खोडून काढलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : संगीत एकट्याने ट्रान्स घडवत नाही, त्या समाजाची श्रद्धा, प्रसंग आणि अपेक्षा सोबत असाव्या लागतात. म्हणजे ‘या संगीतामुळे ट्रान्स येतो का’ हा प्रश्न नुसता अल्बम ऐकून सुटणाराच नाही.

मग काय विचारायचं? तबल्याच्या एकलवादनातला लेहरा आठवा. लेहरा फिरत राहतो, तबलजी त्यावर खेळतो. लेहरा धरणारा मुद्दाम फारसं बदलत नाही, तेच त्याचं काम. इथे मात्र लूप फिरवणारा हेब्डन वाजवता वाजवता तो लूप बदलू शकतो. इंग्रिड मॉन्सन यांनी १९९६ च्या पुस्तकात जॅझमधल्या अशा देवाणघेवाणीला संभाषणासारखं पाहिलं. म्हणून लहान प्रश्न असा : *बदल आधी कोण करतं, आणि दुसरा त्याला उत्तर देतो का?*

हे मोजता येतं. ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’सारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या. रीड यांच्या वादनातले ठळक बदल (झांजेवर जाणं, थांबणं, वजन वाढवणं) कोणत्या सेकंदाला होतात त्याची एक यादी करा, हेब्डनच्या बदलांची दुसरी. मग एका यादीतल्या बदलानंतर, समजा, पाच सेकंदांत दुसऱ्या यादीत किती वेळा बदल येतो ते मोजा. दोन्ही दिशांनी.

इथेच बरेच जण फसतात. बदल भरपूर असतील तर काही जोड्या योगायोगानेही जुळणारच. त्यामुळे एक यादी मुद्दाम वीस, चाळीस, साठ सेकंद पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. खऱ्या जागी जुळणी स्पष्टपणे जास्त आली, तरच ‘ते एकमेकांना ऐकत होते’ या म्हणण्याला आधार मिळतो. सरकवूनही आकडा तेवढाच राहिला, तर ऐकताना जाणवलेलं संभाषण कदाचित आपल्याच कानांनी जोडलेलं असेल.

मर्यादाही लिहून ठेवा. दोघांचा आवाज एकाच मिश्रणात आहे, त्यामुळे काही बदल नेमका कोणाचा ते कळणार नाही. याद्या तुम्ही एकट्याने केल्यात तर तुमचा कल त्यात येणार. म्हणून त्यातली दहा मिनिटं मित्राकडूनही खुणावून घ्या आणि दोघांचं किती जुळतं ते बघा.

ज्युनियरला मी एवढंच सांगितलं : सिनॉप्सिसमधल्या प्रत्येक मोठ्या शब्दाखाली रेघ मार आणि विचार, ‘हे मी उद्या सकाळी कसं मोजणार?’ उत्तर नसेल तर तो शब्द अजून तुझा झालेला नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा शब्द कोणता आहे?