चार अक्षरांत माणूस मावत नाही



ताथवडे, वाकड, पुनावळे या पट्ट्यात इंजिनिअरिंगची आणि मॅनेजमेंटची कॉलेजं भरपूर आहेत. पलीकडे हिंजवडी. आपल्या वस्त्यांतली मुलंमुली आता या कॉलेजांत शिकतात, तिथून कंपन्यांच्या मुलाखतींना जातात. मुलाखतीच्या तयारीत किंवा एखाद्या ट्रेनिंगमध्ये त्यांना ‘पर्सनॅलिटी टेस्ट’ म्हणजे स्वभावाची चाचणी देतात. मग पोरगी घरी येऊन सांगते, “आई, मी आयएसएफजे आहे.” दुसऱ्या दिवशी मैत्रीण सांगते, “मी पण तीच!” आणि दोघींचा स्वभाव बघावा तर एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

आईवडील विचारतात, हे काय नवीन? रक्तगटासारखं काही आहे का? या प्रश्नाचं उत्तर आरोग्याच्या पानावर द्यायला हवं. कारण स्वभावावर एकदा शिक्का बसला की त्याचा परिणाम नोकरीवर होतो, लग्नावर होतो आणि आजार वेळेवर ओळखण्यावरही होतो.

चार अक्षरं आली कुठून?

स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर एक पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत कामाला जाऊ लागल्या तेव्हा कुणाला कोणतं काम जमेल हे कळावं, असा त्यामागे हेतू होता.

या मायर्स-ब्रिग्ज चाचणीत चार प्रश्न असतात असं समजा. तुम्हाला उत्साह माणसांत मिळतो की एकांतात? तुम्ही समोर दिसतं त्यावर भर देता की शक्यतांवर? निर्णय तर्काने घेता की भावना बघून? आणि आयुष्य आखीव आवडतं की मोकळं? प्रत्येकाचं एक अक्षर, अशी चार अक्षरं. त्यातून सोळा प्रकार होतात. आयएसएफजे म्हणजे शांत, समोर दिसतं त्यावर भर देणारी, दुसऱ्याची भावना जपणारी आणि नीटनेटकी व्यक्ती. या प्रकाराला नर्सिंग छान जमतं, असंही पुस्तकांत लिहिलेलं असतं.

अडचण इथेच सुरू होते. हिमोग्लोबिनचं उदाहरण घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आपण रक्तक्षय म्हणतो. एकीचं ११.९ आणि दुसरीचं १२.१ असेल तर कागदावर एक आजारी आणि एक बरी. पण दोघींच्या रक्तात फरक किती? स्वभावाचंही तसंच आहे. बहुतेक माणसं मधोमध असतात. चाचणी मात्र त्यांना अलीकडे किंवा पलीकडे ढकलते. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांची एक-दोन अक्षरं बदलून येतात. माणूस तेवढ्यात बदललेला नसतो.

वागणं एक, कारणं वेगळी

दुसरी एक पद्धत आहे, एनिआग्राम. बोलिव्हियात जन्मलेले ऑस्कर इचाझो आणि चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लॉडिओ नारान्हो यांनी तिला आजचं रूप दिलं; १९७० नंतर ती जगभर पसरली. यात नऊ प्रकार आहेत. मायर्स-ब्रिग्ज विचारते की माणूस कसा वागतो. एनिआग्राम विचारतं की तो तसा का वागतो, त्याला आतून भीती कशाची आहे आणि हवं काय आहे.

समजा, चार जणी आहेत. चौघींचीही अक्षरं आयएसएफजे. चौघींच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे. चौघी वेळेवर औषध देतात, अंग पुसतात, कूस बदलतात, तक्रार करत नाहीत. बाहेरून चौघी सारख्याच. आता आत बघू.

पहिली दोन नंबरची, मदत करणारी. तिला आपण कुणाला तरी हव्याशा वाटाव्यात असं वाटतं. सासूने “माझी लेकच गं” म्हटलं की तिचा शीण जातो. कुणी दखल घेतली नाही तर ती आतल्या आत कुढते. तिला मनापासून दोन शब्द हवेत, आणि “मला मदत हवी” असं म्हणायची सवय हवी.

दुसरी एक नंबरची, शिस्तीची. तिला चूक होण्याची भीती. गोळी दहा मिनिटं उशिरा दिली तरी दिवसभर बोचतं. तिला राग येतो पण तो ती गिळते, मग डोकं धरतं, जबडा आवळला जातो. तिला कुणीतरी सांगायला हवं की एवढ्या-तेवढ्याने काही बिघडत नाही.

तिसरी सहा नंबरची, सुरक्षितता शोधणारी. रात्री तीनदा उठून सासूचा श्वास बघते. काही झालं तर लोक मला दोष देतील, ही धास्ती. तिची झोप जाते, छाती धडधडते. तिला गरज आहे खात्रीच्या माहितीची: कोणत्या लक्षणाला दवाखान्यात न्यायचं आणि कोणत्या लक्षणाला घाबरायचं नाही.

चौथी नऊ नंबरची, भांडण टाळणारी. घरात वाद नको म्हणून सगळं अंगावर घेते. स्वतःला काय हवं हे तिला आठवतसुद्धा नाही. तिला कुणी काही विचारत नाही, कारण ती काही बोलत नाही. तिच्या नणंदांनी आणि नवऱ्याने बसून कामाची वाटणी करायला हवी.

चाचणीचा कागद या चौघींना एकाच रकान्यात टाकेल. पण चौघींचं दुखणं वेगळं आहे आणि त्यावरचा उपायही वेगळा आहे. एनिआग्रामचा फायदा एवढाच की तो “का?” विचारायला लावतो. त्यालाही भक्कम शास्त्रीय आधार नाही. आजचं मानसशास्त्र माणसाला कप्प्यांत घालण्यापेक्षा पाच गुणांच्या पट्टीवर मोजतं. कोणता गुण किती आहे एवढंच ते सांगतं, शिक्का मारत नाही.

झाडू कसा मारतो ते बघा

आपल्या पाली परंपरेत हा विचार दीड हजार वर्षांपूर्वी झाला आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ लिहिला. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणारे धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाचं संपादन केलं. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली, आणि हार्वर्ड विद्यापीठाची आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये.

या ग्रंथात माणसाचे सहा स्वभाव सांगितले आहेत, त्यांना चरित म्हणतात: रागचरित म्हणजे आसक्तीचा, दोसचरित म्हणजे द्वेषाचा, मोहचरित म्हणजे गोंधळाचा, आणि सद्धाचरित म्हणजे श्रद्धेचा, बुद्धिचरित म्हणजे प्रज्ञेचा, वितक्कचरित म्हणजे विचारांत भरकटणारा. ते ओळखायचे कसे? भिक्खू चालतो कसा, झोपतो कसा, जेवतो कसा, झाडू मारतो कसा यावरून. आसक्तीचा माणूस घाई न करता, वाळू न विस्कटता एकसारखं झाडतो. द्वेषाचा माणूस झाडू घट्ट धरून खरखर आवाज करत दोन्हीकडे वाळू उडवतो. मोहाचा माणूस झाडू सैल धरून नुसती वाळू इकडची तिकडे करतो.

पुढचा भाग आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. बुद्धघोष सांगतात की आसक्तीचा आणि श्रद्धेचा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. एक सुखाच्या वस्तू शोधतो, दुसरा शील शोधतो. शोधण्याची ओढ दोघांत सारखीच. तसेच द्वेषाचा आणि प्रज्ञेचा माणूस: एक नसलेले दोषही शोधतो, दुसरा असलेले दोष शोधतो. म्हणजे झाडू मारण्याची पद्धत एकच, पण मनात चाललेलं वेगळं. फरक कळतो तो मनाच्या वृत्तीवरून. रागचरिताच्या मनात कपट आणि मोठी हाव असते, तर सद्धाचरित मोकळ्या हाताने दान देतो.

हे ओळखायचं कशासाठी? ध्यानाचा योग्य विषय देण्यासाठी. द्वेषाच्या माणसाला मैत्री-करुणेची भावना, भरकटणाऱ्याला आणि गोंधळलेल्याला आनापानसती, म्हणजे श्वासावर लक्ष. वैद्याने प्रकृती बघून औषध द्यावं तसं हे आहे. यात कुणी वरचा आणि कुणी खालचा नाही. आणि शेवटी बुद्धघोष स्वतःच सांगतात की ओळखण्याच्या या खुणा मूळ पाली वचनांत आणि अट्ठकथांत संपूर्णपणे आलेल्या नाहीत, त्या आचार्यांच्या मतावर आधारलेल्या आहेत, म्हणून त्यांनाच सार समजून बसू नका. आजच्या किती चाचण्या इतक्या प्रामाणिकपणे स्वतःबद्दल बोलतात?

शिक्क्याचं दुखणं आपल्याला नवीन नाही

“या लोकांचा स्वभावच असा” हे वाक्य आपल्या आजा-पणजांनी पुष्कळ ऐकलं आहे. इंग्रजांनी काही जातींना ‘लढाऊ’ ठरवलं, काहींना नाही. ज्या महार सैनिकांनी त्यांच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली, त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. १८७१ च्या कायद्याने तर कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये रद्द झाला.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचं विध्वंसन’ लिहिलं. त्यात गुणकर्मावरून चार वर्ण पाडता येतात या दाव्याचा त्यांनी समाचार घेतला आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनेही माणसांचे तीन वर्ग पाडले होते. माणसांना अशा मोजक्या कप्प्यांत कोंबणं म्हणजे माणसाकडे अतिशय वरवर बघणं आहे, प्रत्येक माणूस वेगळा आहे आणि त्याच्यात अगणित प्रवृत्ती असतात, असं त्यांचं म्हणणं. कप्पे चार असोत, नऊ असोत की सोळा, हा मुद्दा लागू राहतो.

म्हणून नोकरी देताना किंवा नाकारताना स्वभावाची चाचणी वापरली जाते तेव्हा सावध व्हा. मायर्स-ब्रिग्ज चाचणी काढणारी संस्था स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणूस निवडायला ही चाचणी वापरू नये. आणखी एक गोष्ट. “तुम्हाला एकटं बसायला आवडतं का?” या प्रश्नाला दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत वाढलेल्या मुलीने काय उत्तर द्यावं? तिला एकांत कधी मिळालाच नाही. “तुम्ही अनोळखी लोकांत मोकळे होता का?” याला जिने आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलताना पाहिला आहे, ती “नाही” म्हणेल. तो तिचा स्वभाव नव्हे, तो तिचा अनुभव आहे.

आजाराला स्वभाव म्हणू नका

आरोग्याच्या दृष्टीने मला सर्वात जास्त काळजी याची वाटते. घरात आपण सहज म्हणतो, “ती आधीपासूनच आळशी”, “तो घुम्याच आहे”. आता त्याला इंग्रजी अक्षरांची जोड मिळाली: “मी इंट्रोव्हर्ट आहे, मला एकटं सोडा.” खाली दिलेल्या गोष्टी लक्षात ठेवा.

१. सतत थकवा, दम लागणं, चिडचिड ही रक्तक्षयाची लक्षणं असू शकतात. हिमोग्लोबिन तपासा.

२. मंदपणा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, पाळी बिघडणं हे थायरॉइडमुळे होऊ शकतं. साधी रक्ततपासणी पुरते.

३. शांत माणूस लहानपणापासून शांत असतो आणि त्याच्या आवडीच्या गोष्टींत रमतो. पण हसता-बोलता माणूस गप्प झाला, झोप-भूक बदलली, आवडीचं काही नकोसं झालं आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, तर ते डिप्रेशन असू शकतं. त्याला उपचार आहेत.

४. रात्रपाळी आलटून-पालटून करणाऱ्याची चिडचिड बऱ्याचदा झोपेच्या अभावाने असते. आधी त्याची झोप भरू द्या.

५. कुणी “जगून काय करायचं” असं बोललं तर ते नाटक किंवा स्वभाव समजू नका. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे.

मग चाचणी द्यायची की नाही?

कॉलेजात दिली तर द्या, गंमत म्हणून वाचा. पटेल ते घ्या, न पटेल ते सोडा. मुलीने अक्षरं सांगितली तर आईवडिलांनी हसण्यावारी नेऊ नये. “तुला यातलं काय पटलं?” एवढं विचारा. कित्येक घरांत मनातलं बोलायला तेवढंच निमित्त पुरतं.

लग्न जुळवताना मात्र पत्रिकेच्या जागी ही अक्षरं आणू नका. बावीस प्रतिज्ञा घेऊन एका दारातून जे बाहेर काढलं, ते दुसऱ्या दारातून आत घेऊ नका.

या महिन्यात विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बायाबापड्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: “तुला सगळ्यात जड काय जातं?” चौघींची चार उत्तरं येतील. जिचं जे उत्तर, तिला ती मदत करा.

भवतु सब्ब मंगलं.