शाळेंतील तपासणी आणि घरांतील संकोच

मुलाची दृष्टि मंद झाली तर आपण त्यास चष्मा करून देतों, दांत किडला तर दंतवैद्याकडे नेतों; परंतु जांघेंत फुगवटा दिसला कीं तोच घरांत कुजबुजीचा विषय होतो. आजी म्हणते, "वाढत्या वयाबरोबर जाईल," आणि वडीलधाऱ्यांपुढें सून गप्प बसते. या मौनाची किंमत मात्र मुलास द्यावी लागते.

वस्तुतः हा विकार आपल्या शास्त्रास अपरिचित नाहीं. वृद्धिरोगाच्या सात प्रकारांत सुश्रुतानें अंत्रवृद्धीची गणना केली आहे. गर्भावस्थेंत वृषण पोटांतून खालीं उतरतें. त्याबरोबर आलेली पिशवीसारखी वाट पुढें मिटावयास हवी. ती उघडी राहिली तर खोकतांना, धांवतांना आंतडें तींत शिरतें व निजल्यावर मागें जातें. पट्टा बांधून तो दोष जात नाहीं. शस्त्रक्रियाच करावी लागते. गांठ कठीण व दुखरी होऊन वांत्या सुरू झाल्या तर घटकाभरही थांबूं नये. हा विकार मुलींनाही होतो. बेंबीचा फुगवटा मात्र बहुधा चार-पांच वर्षांत आपोआप मिटतो.

पूर्ण दिवसांच्या 100 मुलग्यांपैकीं सुमारें तिघांचें वृषण जन्मतः उतरलेलें नसतें. सहा महिन्यांनंतर तें आपोआप उतरण्याचा संभव थोडा. म्हणून दीड वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया करावी, असें तज्ज्ञ सांगतात. विलंबानें संततिक्षमता घटते व कर्करोगाचा धोका वाढतो. मूत्राची धार बारीक असणें, छिद्र खालच्या बाजूस असणें, मूत्रदोषानें वारंवार ताप येणें, हींही दुर्लक्षिण्याजोगीं लक्षणें नव्हेत. त्यांपैकीं कांहींच्या मुळाशीं मूत्रपिंडास घातक असा अडथळा असूं शकतो.

2013 सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअन्वयें सरकारी व अनुदानित शाळांत वर्षांतून एकदां वैद्यकीय पथक येतें. आपलीं पुष्कळ मुलें आज विनाअनुदानित शाळांत जातात. तेथें हा भार घरावरच पडतो. तपासणी आडोशाला, पालकांसमक्ष आणि मुलास आधीं समजावून सांगून व्हावी, एवढा आग्रह अवश्य धरावा. संमतिपत्र मात्र कोरें परत पाठवूं नये.

कवाईतीच्या तासाला कोपऱ्यांत बसून राहणारा मुलगा आळशीच असतो असें नाहीं. तो कांहीं लपवीत असेल, तर तें बोलण्याचें धैर्य त्याला प्रथम घरांतूनच मिळालें पाहिजे.