माशाचं हृदय आणि धाराशिवची संधी

२९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. चाला, मीठ कमी करा, हे सल्ले त्या दिवशी सगळीकडे मिळतात. आपण बोलू पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या बोटभर झेब्राफिशबद्दल.

हृदयविकाराच्या झटक्यात माणसाच्या हृदयाच्या स्नायुपेशी मेल्या की तिथे व्रण उरतो. पंचविशीतही वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात. झेब्राफिशच्या जवनिकेचा, म्हणजे हृदयातून रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, २० टक्के भाग कापला, तरी दोनेक महिन्यांत भरून येतो. अमेरिकेत केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे दाखवलं. आघारकरच्या चिन्मय पात्रा यांच्या गटाने २०२१ मध्ये 'सीसीएन२ए' या जनुकाचा त्यातला वाटा उलगडला. हे जनुक बिघडलं, तर जखमेत रक्तवाहिन्या नीट वाढतात, पण स्नायुपेशी पुरेशा वाढत नाहीत.

हे कळतं मोजणीतून. हृदयाच्या पातळ कापांत स्नायुपेशींची केंद्रकं एका रंगात चमकवतात, विभाजनाची खूण दुसऱ्या रंगात. दोन्ही रंग जिथे जुळतात, ती वाढणारी पेशी. डोळ्यांनी मोजलं तर दोन माणसांचे आकडे अनेकदा जुळत नाहीत. संगणक प्रत्येक चित्राला एकच निकष लावतो. अर्थात तो निकष माणूसच ठरवतो. म्हणून कोणतं चित्र कोणत्या माशाचं, हे मोजणाऱ्यापासून लपवायलाच हवं.

माशाचा भ्रूण पारदर्शक असतो. एका दिवसात त्याचं हृदय धडधडू लागतं आणि मायक्रोस्कोपखाली जिवंत दिसतं. जवनिका फुगलेली आणि आकसलेली असताना तिची लांबी-रुंदी मोजली, की एका ठोक्यात किती रक्त पुढे गेलं याचा अंदाज निघतो. ठोके सेकंदाला दोन-तीन. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातही प्रत्येक ठोक्याची दहा-पंधरा चित्रं मिळतात. मोजणीचं 'इमेजजे' हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

दोन कप्प्यांच्या या हृदयावरून माणसाचं औषध लगेच निघणार नाही. पण मोजायची शिस्त इथेच शिकता येते, आणि ती मोठ्या शहरांपुरती राहू नये. धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने एक मायक्रोस्कोप, एक कॅमेरा आणि आवश्यक परवानग्या घेऊन विद्यार्थ्यांचा असा प्रकल्प सुरू करावा. हृदयरोगावरच्या उपचारांसाठी सोलापूर-लातूर गाठणाऱ्या या जिल्ह्यातून उद्याचे हृदय-संशोधकही घडले पाहिजेत.