सिलोनकडे वळलेला काटा

भाजी निवडताना, पोळ्या लाटताना आपले हात अडकलेले असतात. कान मात्र मोकळे. या मोकळ्या कानांवर कुठली गाणी पडावीत, यावरून एके काळी थेट दिल्लीत रण माजलं होतं, हे किती जणींना ठाऊक असेल?

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. जन्म पुण्याचा, स्वतः धृपद शिकलेले, शास्त्रीय संगीतावर जीव. सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे. आकाशवाणीवरच्या सिनेगीतांना त्यांनी कात्री लावली. शिवाय गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही. का, तर ती जाहिरात होते! निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी लावायची परवानगीच काढून घेतली. हेतू वाईट नव्हता हो. पण नाक दाबून एरंडेल पाजावं, तसं गाणं थोडंच पाजता येतं?

श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. नुसता रेडिओचा कान पिळला आणि काटा सिलोनवर नेला. कोलंबोत महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेलं दणकट प्रक्षेपण केंद्र होतं. त्यावरून १९५२च्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गंमत बघा, अमीन सयानी बोलायचे मुंबईत, फिती जायच्या कोलंबोला आणि बुधवारी रात्री आठला तोच आवाज समुद्र ओलांडून परत आपल्या माजघरात! मधेच खरखर व्हायची, ऐन रंगात एखादं कडवं गडप व्हायचं; तरी कुणी जागचं हलत नसे.

शेवटी सरकारच वळलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली, आणि मंत्री तेव्हाही केसकरच! पहिलं गीत 'नाच रे मयूरा': शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डे यांचा. (गदिमांचं 'नाच रे मोरा' ते निराळं, बरं का!) मग जवानांसाठी 'जयमाला' आली, फर्माइशी आल्या, आणि पत्रांच्या ढिगाऱ्यातून झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर गाजलं. आमच्या सासूबाईंचं तर घड्याळच विविध भारती. रात्री 'हवामहल' लागायच्या आत ओटा आवरलेला हवा म्हणजे हवा.

चित्रपटाचं नुसतं नाव ज्यांना खपत नव्हतं, त्याच आकाशवाणीने १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर चक्क जाहिराती सुरू केल्या. आणि १९८९मध्ये सिलोनची ती गीतमालाही इकडेच मुक्कामाला आली.