राजगिऱ्याची कढई

राजगिरा फुलवायचा तर लोखंडी कढई कोरडी आणि सणसणीत तापलेली हवी. नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगी गावात एका घरी चुलीपाशी बसून हे काम पाहिलं. एका वेळी जेमतेम दोन चमचे दाणे कढईत पडतात आणि फडक्याच्या बोळ्यानं ते लगेच गोल फिरवायचे असतात. दोन-तीन सेकंदांत पांढरी लाही उडू लागते. तितक्याच चपळाईनं ती सुपात ओढली नाही, तर करपते. कढई कमी तापली असेल, तर दाणे नुसते भाजतात, फुलत नाहीत. सगळा घाणा झाला की चाळणी येते, गणंग खाली गळतात आणि लाही वर राहते.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून आलं की या मुलखातलं खाणं डोळ्यांसमोर येतं. उतारावरच्या शेतांत ज्वारी, भगर, राजगिरा, आणि रानात मोह, चारोळी. शहरात ओट्स आणि बदामांचा ग्रॅनोला ‘हार्मोन्ससाठी’, ‘गर्भधारणेसाठी’ अशी नावं लावून महाग विकला जातो. तसाच कोरडा, भाजका खाऊ इथल्या जिनसांतून सहज होतो.

गोडवा मोहाचा. होळीच्या सुमाराला पहाटे फुलं गळतात, बायका-मुलं उजाडायच्या आत ती वेचायला झाडाखाली असतात. उन्हात वाळून ती मनुकांसारखी तपकिरी होतात. वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून वेगळा गूळ लागत नाही. फुलं चोळून आतलं केसर काढायचं, पाखडायचं आणि मंद आचेवर परतायचं. गरम असताना ती चिकट लागतात, गार झाली की दाताखाली मोडतात, तेव्हा भरडायची.

बाकीचं प्रत्येक वेगळं भाजावं लागतं. शेंगदाण्याला वेळ आणि मंद जाळ लागतो, तीळ तडतडले की लगेच उतरवायचे, डांगराच्या बिया फुगून टम्म होईपर्यंत हलवत राहायचं. सगळं एकदम कढईत टाकलं, तर तीळ जळतो आणि दाणा कच्चा राहतो. चार वाट्या लाहीला एक वाटी दाणे, एक वाटी मोह, अर्धी-अर्धी वाटी तीळ आणि डांगराच्या बिया, वर मूठभर चारोळी. चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ घालायचं ते मात्र सगळं गार झाल्यावर. आयोडीन उष्णतेनं काही प्रमाणात उडतं आणि थायरॉईडचं संप्रेरक त्याच्याशिवाय बनत नाही. थायरॉईड बिघडलं की पाळीही बिघडू शकते. ‘हार्मोन्ससाठी’ या शब्दाला या डब्यात सगळ्यांत ठोस आधार त्या मिठाचा आहे.

कुठलंही एक बी खाल्लं म्हणून दिवस जात नाहीत. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात अमुक बिया, दुसऱ्यात तमुक, असं जे हल्ली सांगतात, त्यालाही भक्कम पुरावा नाही. पण तिळात लोह आणि कॅल्शियम आहे, डांगराच्या बियांत जस्त आहे, राजगिऱ्यात धान्यांच्या मानानं चांगली प्रथिनं आहेत. अर्धपोटी, रक्त कमी असलेल्या बाईला ते हवंच असतं. सोबत आवळ्याची फोड खाल्ली, तर लोह अंगी लागतं. चहा मात्र तासाभरानं घ्यावा, तो लोह अडवतो.

मला इथे वेळेचा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आली, ती अतिशय मोलाची आहे. पण तिची थाळी दिवस गेल्यावरच पुढ्यात येते. गर्भाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या २८ दिवसांतच बंद होते, तेव्हा बाईला बहुधा दिवस गेल्याचं ठाऊकही नसतं. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरलं तेव्हापासून सुरू व्हायला हवी. पोटभर खाणंही तेव्हापासूनच हवं. खाऊनं गोळीची जागा भरून निघत नाही.

आधीच करायची आणखी एक गोष्ट म्हणजे तपासणी. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे दोघांचीही तपासणी आधीच व्हावी. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईनं लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. पहाटे फडात जाताना चूल पेटतेच असं नाही. हा खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे टिकतो, शेंगदाणा खवट झाला की वासावरून कळतं. वाटणी करताना दोन वाट्या भराव्यात, बाईची आणि नवऱ्याची. मूल न होण्यामागे सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, आणि शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे फडावरचा हिवाळा दोघांच्याही हिशेबात धरायला हवा.