रोवणीच्या दिवसांतली हगवण

सकाळी ७
तुमसर तालुक्यात धानाची रोवणी सुरू झाली की मागोमाग हगवणीचे पेशंटही सुरू होतात. मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या नाकाडोंगरी भागात त्यामुळे पावसाळ्यातली पहिली ड्युटी पाण्याच्या टाकीवर असते. जलसुरक्षक ब्लीचिंग पावडर कालवून टाकीत सोडतो. मग नळाचं पाणी नळीत घेऊन ओटी टेस्टचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. कोरंच राहिलं तर पुन्हा पावडर.

सकाळी ९
प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी. "कालपासून दहादा झाली, डॉक्टर. सलाईन लावून द्या, नाहीतर बंद व्हायची गोळी तरी द्या." रोवणीची मजुरी बुडवणं कोणाला परवडतं? डॉक्टर विचारतात, "लघवी केव्हा झाली, मावशी? ताप आहे का? रक्त पडून राहिलं का?"

संडासला किती वेळा झाली हे सगळे मोजतात. अंगात पाणी किती उरलं, हे क्वचितच कोणी पाहतं. बंद व्हायच्या गोळीतलं लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंदावतं, गेलेलं पाणी भरून काढत नाही. रक्त किंवा जास्त ताप असेल तर ते घेऊच नये, लहान मुलांना तर नाहीच. अँटिबायोटिकचंही तसंच. मुलांची बरीचशी हगवण रोटासारख्या विषाणूंची असते, तिथे ते उपयोगाचं नाही. रक्ती आव किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तर ते डॉक्टरच ठरवतील.

सकाळी १०:३०
दहा महिन्यांचं, आठ किलोचं लेकरू. डोळे खोल गेलेले, चिडचिडं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश जागेवर जाते. पाणी कमी पडलंय, पण लेकरू अधाशासारखं पितं आहे, म्हणजे सलाईनची गरज नाही. किलोमागे ७५ मिली या हिशेबाने ६०० मिली ओआरएस चार तासांत पाजायचं. आईच्या हाती वाटी-चमचा येतो. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच.

दुपारी १२
"मीठ-साखरेच्या पाण्यानं काय होते?" सोबतची आजी विचारते. हगवणीतही आतडं ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषून घेतं, त्यांच्यामागे पाणी अंगात जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

दुपारी २:३०
लेकराची पुन्हा तपासणी. लघवी झाली, कातडी लगेच जागेवर जाते. घरी जाताना ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. हगवण थांबली तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. झिंकने दुखणं लवकर आटोपतं आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा हगवण लागायची शक्यता कमी होते.

दुपारी ४
आशाताईंची घरभेट. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची, अर्धी पुडी पेल्यात टाकायची नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर संडासनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. जेवण बंद करू नका. पेज, मऊ भात, वरण द्या. बाटलीतली गोड पेयं टाळा, त्यांतल्या साखरेने हगवण वाढते.

रात्री ९
आता फोन आला तर बहुधा गंभीर पेशंटसाठी. मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नाही, प्यालेलं सगळं ओकतं, संडासमधून रक्त जातं किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. अशा वेळी सलाईन लागू शकतं. एरवी पहिली पातळ संडास झाली की लगेच ओआरएस कालवा. त्याच्या दोन पुड्या आजच घरात आणून ठेवा.