सहलीच्या गाडीचे भाडे रोज का बदलते?



गळीत संपले की आपली मंडळी शहागंजात बाजाराला जाता-जाता वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीची चौकशी करतात. काल एक भाडे, आज दुसरे, हे ऐकून बिथरतात. दर वेळी ती लबाडीच असते असे आम्हाला वाटत नाही. गाडी अर्धी भरली काय नि पुरी भरली काय, डिझेल तेवढेच. म्हणून आधीच्या जागा स्वस्त, शेवटच्या महाग. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला हाच नियम लावला : दहा टक्के जागा गेल्या की मूळ भाडे दहा टक्के वाढे, फार तर दीडपट.

आपल्या उसाचेही तसेच की! २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, पुढे दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. भाव हलतो, पण नियम आधी ठरलेला असतो.

तेव्हा इसार देण्यापूर्वी किती जागांनंतर भाडे वाढणार आणि कुठे थांबणार, हे गाडीवाल्याकडून लिहूनच घ्या. खाजगी गाड्यांना शासनाने २७ एप्रिल २०१८ रोजी एस.टी.च्या तशाच गाडीच्या दीडपट भाड्याची मर्यादा घातली. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ बंद. त्या वारी कुणी भाडे उतरवले तर आधी कारण विचारा.